कुरोकावांची पेढी

इ. स. 1869 च्या वसंतऋतूत जपानचा तरुण सम्राट मेइजी दुसऱ्यांदा क्योटो सोडून पूर्वेकडे निघाला, तेव्हा राजधानी हलत असल्याचे कोणतेही फर्मान निघाले नव्हते. आठव्या शतकाच्या अखेरीपासून ज्या नगरीने राजसिंहासन सांभाळले होते, तिला तोंडावर निरोप देण्याचे धैर्य बहुधा कोणालाच झाले नसावे. सम्राटांची स्वारी दौऱ्यावर जात आहे, यथावकाश परतेल, अशीच भाषा दरबारी मंडळी करीत राहिली, आणि त्या भाषेच्या आडोशाने सरदार, कारकून आणि अंतःपुरातील स्त्रिया बासने बांधून एदोच्या, म्हणजे आदल्याच वर्षी टोकियो हे नवे नाव मिळालेल्या शहराच्या वाटेला लागल्या. राजे स्थलांतर करतात तेव्हा इतिहासकार सिंहासनाचा मागोवा घेतात. त्या सिंहासनाच्या छायेत पिढ्यान्‌पिढ्या उदरनिर्वाह करणाऱ्या विणकरांचे, कागदवाल्यांचे आणि हलवायांचे पुढे काय झाले, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय त्या हलवायांपैकी एक घराणे आहे. आडनाव कुरोकावा, पेढीचे नाव तोराया, आणि जपानमध्ये हे नाव ठाऊक नाही असा मनुष्य मिळणे कठीण.

तोराया म्हणजे व्याघ्राची पेढी. मिठाईच्या दुकानाला वाघाचे नाव का पडले, याचा निश्चित आधार सापडत नाही. परंतु हे घराणे बिशामोन्तेन या देवतेचे उपासक, आणि वाघ हा त्या देवतेशी संबद्ध मानलेला प्राणी, तेव्हा नाव त्या भक्तीतून आले असावे, अशी घरची समजूत आहे. बिशामोन्तेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तेथवर पोहोचलेला आपला वैश्रवण कुबेर. धनाधिपतीने एका हलवायाच्या दारात ठाण मांडावे, यात व्यापाराच्या दृष्टीने गैर काहीच नाही!

पेढीची स्थापना सोळाव्या शतकाच्या आरंभीची मानली जाते. मात्र वंशावळीतील पुरुषांची मोजणी कुरोकावा एन्चू या गृहस्थापासून होते. इ. स. 1600 मध्ये सेकिगाहाराच्या रणांगणावर जपानच्या पुढील अडीच शतकांचा निकाल लागला, त्या सुमारास हा एन्चू क्योटोमध्ये दुकान चालवीत होता. पराभूत पश्चिम पक्षाकडील इशिकावा सादाकियो या सरदाराला तोरायाने लपवून ठेवल्याचा उल्लेख म्योशिन्‌जी या मठाच्या इतिवृत्तात आला आहे. विजयी पक्षाचा शोध जारी असताना पराभूताला थारा देणे ही जिवावरची गोष्ट होती, आणि ती करणारा इसम साधा फेरीवाला नसून नगरातील वजनदार असामी होता, हे त्या एका ओळीवरून उघड होते. सम्राट गो-योझेई यांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1586 ते 1611 या काळात, राजप्रासादाला मिठाई पुरविण्याचा मान या घराण्याकडे आला. दरबारी पुरवठ्याचे जे सर्वांत जुने कागद आज पेढीच्या दप्तरी आहेत, ते 1635 सालचे, निवृत्त सम्राटाच्या प्रासादात झालेल्या एका राजभेटीच्या वेळचे आहेत.

कागदांचा हा उल्लेख येथे आला, तेव्हा एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या घराण्याची खरी मिरास कोणती, असे कोणी मला विचारले, तर मी पाककृतीकडे बोट दाखवणार नाही. पाककृती काळाबरोबर बदलल्या, साखर बदलली, गिऱ्हाईक बदलले, राजधानीसुद्धा बदलली. बदलली नाही ती प्रत्येक जिन्नस लिहून ठेवण्याची सवय. कोणत्या सणाला, कोणत्या वाड्यात, कोणत्या नावाची किती मिठाई गेली, याच्या नोंदी चार शतके टिकवून धरणारे दुकान जगात विरळाच, आणि पुढे ज्या ज्या संकटातून हे घराणे निभावले, त्या प्रत्येक वेळी या सवयीचा हातभार लागलेला दिसतो.

आता त्या काळच्या मिठाईविषयी. जपानात दुधाचे पदार्थ रूढ नव्हते, तूप नव्हते. तांदळाचे पीठ, गव्हाचे पीठ, अझुकी नावाची लालसर बारीक कडधान्याची डाळ आणि साखर एवढ्या सामग्रीवर सारी कला उभी राहिली. त्यांतही साखर दुर्मीळ. नागासाकीच्या बंदरात डच आणि चिनी गलबते ती आणीत, आणि तिच्यापायी देशातील चांदी व तांबे बाहेर जाई. अठराव्या शतकात शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, योशिमुने याने देशातच उसाची लागवड व्हावी म्हणून उत्तेजन दिले, आणि त्या शतकाच्या अखेरीस शिकोकू बेटावरील सानुकी व आवा या प्रांतांत ‘वासान्बोन’ नावाची अतिशय मऊ, फिकट रंगाची साखर तयार होऊ लागली. ती आजही उंची मिठाईत वापरतात. तोवर पांढरी साखर ही राजमान्य वस्तू होती. 1775 मध्ये क्योटोतील उंची मिठाई करणाऱ्यांच्या संघाला सरकारी मान्यता मिळाली, तेव्हा त्याच्या सभासद-पेढ्यांची संख्या 248 अशी ठरवून देण्यात आली होती, आणि त्या मर्यादेबाहेरच्या माणसाने या व्यवसायात हात घालू नये असा दंडक होता. मक्तेदारी म्हणून तिला नावे ठेवता येतील; परंतु परदेशी साखरेची टंचाई लक्षात घेतली म्हणजे तो शिधावाटपाचाच एक प्रकार होता, हेही मान्य करावे लागेल.

मराठी वाचकाला येथे एका विषयांतराची मुभा द्यावीशी वाटेल. जपानी मिठाईचा एक प्राचीन प्रवाह बौद्ध नैवेद्यांबरोबर भारतातून चीनमार्गे तेथे गेला आहे. क्योटोच्या गिओन भागात 1617 साली स्थापन झालेली कामेया कियोनागा ही दुसरी एक जुनी पेढी ‘सेइजो कान्किदान’ नावाचा पदार्थ आजही करते: पिठाच्या पारीत सारण भरून, तोंडाशी आठ चुण्या घालून थैलीसारखी बांधलेली, तिळाच्या तेलात तळलेली, आत सुगंधी द्रव्ये मिसळलेली पुरचुंडी. पूर्वी तिच्यात सुकी फळे भरीत, पुढे अझुकीचे पुरण आले. हा नैवेद्य ज्या देवतेला दाखवितात तिचे नाव कान्गितेन, म्हणजे साक्षात गजमुख विनायक. आपल्या तळणीच्या मोदकाचा हा सहोदर हिएइ पर्वतावरील तेन्दाई पंथाच्या भिक्षूंकडून क्योटोच्या हलवायांकडे आला, आणि शेकडो वर्षे तेथे नांदतो आहे. इतिहासाचे दप्तर चाळताना असा एखादा आप्त अकस्मात भेटला की मन प्रसन्न होते.

विषयांतर पुरे. तोरायाच्या दप्तरातील सर्वांत मनोहर भाग म्हणजे मिठाईच्या चित्रांची पुस्तके. त्यांतील सर्वांत जुने 1695 सालचे आहे. प्रत्येक पदार्थाचे रंगीत चित्र आणि त्याचे नाव असा त्याचा मामला. नावे वसंतातील धुके, शरदातील पाने, एखाद्या जुन्या कवितेतील नदी यांवरून घेतलेली. वाड्यातील कारभाऱ्याने पान उलटावे, हव्या त्या चित्रावर बोट ठेवावे, आणि त्याबरहुकूम माल रुजू व्हावा. ही पुस्तके म्हणजे एका अर्थी व्यापारी नमुनावह्याच, पण त्या ज्यांच्यासाठी काढल्या त्यांची अभिरुचीही त्यांत उतरली आहे, कारण ज्याला त्या कवितेचा संदर्भ कळत नसे त्याला पुढ्यातील मिठाईही अर्धीच कळे. चित्रकार ओगाता कोरिन, ज्याच्या सोनेरी पडद्यांवरील नीलपुष्पे आज जगप्रसिद्ध आहेत, त्याने 1710 मध्ये आपला आश्रयदाता नाकामुरा कुरानोसुके याला तोरायाची मिठाई भेट म्हणून पाठविल्याची नोंद दप्तरात आहे. कुरानोसुके हा चांदीच्या टांकसाळीतील अधिकारी. टांकसाळीच्या माणसाला चांदी नजर करण्यात हशील नाही, हे कोरिनने ओळखले होते. माल पोहोचविण्याच्या पेट्याही तितक्याच देखण्या. लाखेच्या कामावर शिंपल्याचे जडावकाम करून वाघ काढलेली 1698 ची पेटी आणि वाघ दाखविणारी 1776 ची पेटी आजही पेढीपाशी आहेत. तोरायाच्या कागदी पिशवीवरचा सोनेरी वाघ त्या दुसऱ्या पेटीवरूनच घेतलेला आहे.

दरबाराचे सण आणि हलवायाची वही यांचे नाते किती निकट होते, हे एका सणावरून दिसेल. सहाव्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी ‘काशो’ नावाचा विधी होई. 848 साली रोगराईच्या निवारणार्थ सम्राट निम्म्यो याने शकाचे नाव बदलून सोळा या संख्येला धरून मिष्टान्ने अर्पण केली, अशी त्याची परंपरागत उपपत्ती सांगतात. एदोच्या किल्ल्यात शोगुन या दिवशी पाचशे चटयांच्या भव्य दिवाणखान्यात वीस हजारांहून अधिक मिठाया मांडून सरदार-मानकऱ्यांना वाटीत असे. क्योटोच्या दरबाराची ऐपत तेवढी कोठली? तेथे सम्राट आपल्या परिवाराला एक शो सहा गो, म्हणजे सोळा मापे, तांदूळ देई, आणि ती मंडळी तो तांदूळ तोरायासारख्या दरबारी पेढीवर आणून त्याच्या बदल्यात मिठाई नेत. शोगुनाचा सोहळा अधिक दिमाखाचा खरा. परंतु राजाने धान्य द्यावे आणि हलवायाने त्याचा गोडवा करून द्यावा, या रीतीत मला अधिक सभ्यता वाटते. 1860 साली याच तिथीला राजकन्या काझुनोमिया हिचा वयात येण्याचा विधी झाला. वाफवलेल्या पुरणाच्या गोळ्याला, ज्याला तेथे ‘मान्जू’ म्हणतात, मधोमध भोक पाडून त्यातून चंद्र पाहावयाचा असा तो संस्कार. तो मान्जू तोरायाकडून गेला. दोनच वर्षांनी त्या राजकन्येला शोगुन इएमोची याच्याशी विवाह करून, दरबार आणि शोगुनशाही यांच्या फाटत्या संबंधांना ठिगळ म्हणून, एदोच्या किल्ल्यात जावे लागले.

या साऱ्या मानमरातबाची दुसरी बाजू फारशी गोड नव्हती. तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत सम्राटाचे उत्पन्न तीस हजार कोकू तांदळाच्या आसपास ठेवण्यात आले होते. अनेक सरदारांची दौलत त्याहून मोठी असे. असा दरबार मानाचे हुद्दे सढळ हाताने देई, पैसे मात्र सवडीने. दरबारी पुरवठादाराला तगादा लावण्याची सोय नाही, माल कमी प्रतीचा पाठविण्याची सोय नाही, आणि सणाचा शिरस्ता चुकविण्याची तर नाहीच नाही. तोरायाच्या बरोबरीने दरबाराला मिठाई पुरविणारी फुतागुचिया नावाची पेढी अखेर या ओझ्याखाली मोडली आणि तिचा कारभार तोरायाकडे आला. तिचे कागदही तोरायाच्याच दप्तरात जमा आहेत. प्रतिस्पर्ध्याचे दुकान घेताना त्याच्या वह्याही जपून ठेवाव्यात, एवढे भान असलेले व्यापारी कोठेही थोडेच असतात.

त्यातच 1788 चा वणवा आला. क्योटोच्या इतिहासातील त्या सर्वांत मोठ्या आगीत राजप्रासादासह शहराचा बहुतेक भाग बेचिराख झाला. 1635 चे कागद आणि 1695 चे चित्रपुस्तक आज हयात आहेत, म्हणजे त्या रात्री कोणाच्या तरी हातांनी ती बासने ज्वाळांपासून दूर नेली असली पाहिजेत. ते हात कोणाचे, याची नोंद मात्र झालेली नाही.

आगीनंतर सतरा वर्षांनी, 1805 मध्ये, नववा पुरुष कुरोकावा मित्सुतोशी याने पेढीचा जाबता नव्याने लिहून काढला. मूळ नियम सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील तेन्शो शकातले. त्यांत कालानुरूप फेरफार करून त्याने पंधरा कलमे केली. त्यांतील आशय असा: पहाटे उठून दुकान झाडावे, मिठाई करताना हात आणि तोंड वरचेवर धुवावे, काटकसर हा पहिला धर्म मानावा, आणि कोणाला काही सुधारणा सुचली तर ती लिहून मांडावी, दरबारचे गिऱ्हाईक असो वा गावातले, दोघांशी सारख्याच अदबीने वागावे, आणि रस्त्यात भेट झाली तर नमस्कार चुकवू नये. ज्या समाजात वर्णव्यवस्थेप्रमाणे जन्माच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या आणि व्यापारी त्यांत तळाशी होता, तेथे एका हलवायाने आपल्या पोऱ्याकडून लेखी सूचना मागाव्यात, ही गोष्ट मला त्या काळच्या मानाने असाधारण वाटते. वाड्याचे गिऱ्हाईक आणि गल्लीचे गिऱ्हाईक सारखे लेखण्याचे कलम तर पुढे शंभर वर्षांनी अक्षरशः पोटापाण्याचे ठरले. लिहिणाऱ्याला त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

1864 मध्ये राजवाड्याच्या पश्चिमेकडील हामागुरी दरवाजावर चोशू प्रांताच्या सैन्याने हल्ला केला, आणि त्या चकमकीतून उठलेल्या आगीत शहरातील हजारो घरे जळाली. पुढच्या चार वर्षांत शोगुनशाही कोसळली, आणि आपण आरंभी पाहिला तो 1869 चा वसंत उगवला.

दरबाराच्या मागे जावे की क्योटोत राहावे, हा प्रश्न त्या वर्षी अनेक घरांपुढे उभा राहिला. त्याचे दुसरे एक उत्तर ध्यानात घेतल्यावाचून तोरायाच्या उत्तराचे मोल कळत नाही. कावाबाता दोकी हे तांदळाच्या ‘मोची’चे आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या ‘चिमाकी’चे कारागीर घराणे. सोळाव्या शतकात यादवी युद्धांनी क्योटो उजाड झाले आणि सम्राटाच्या मुखी सकाळचा घास पडण्याची भ्रांत निर्माण झाली, तेव्हापासून या घराण्याने रोज सकाळी पुरणात गुंडाळलेले मोचीचे सहा गोळे राजवाड्यात पोहोचविण्याचा नेम धरला. सुबत्ता आल्यावर त्या गोळ्यांची गरज उरली नाही, तरी नेम चालू राहिला. पुढे पुढे सम्राट त्यांच्याकडे दृष्टिक्षेप करी आणि उपचार पूर्ण होई. या घराण्यासाठी राजवाड्याच्या कुसात एक लहानसा दरवाजाच होता, त्याला दोकीचा दरवाजा म्हणतात. सुमारे साडेतीनशे वर्षे चाललेला तो नेम सम्राट टोकियोला गेला तेव्हा बंद पडला. कावाबाता घराणे क्योटो सोडून गेले नाही. त्यांनी चहाच्या आचार्यांचा आश्रय धरला, आणि दरबारी नववर्षाची ‘हानाबिरा’ ही मिठाई उरासेन्के पंथाच्या वर्षारंभीच्या चहासोहळ्यात आली, तीतून त्यांची परंपरा चालू राहिली.

तोरायाचा बारावा पुरुष कुरोकावा मित्सुमासा याने दुसरा मार्ग पत्करला. त्याने क्योटोच्या इचिजो भागातले दुकान बंद केले नाही, आणि त्याच 1869 साली टोकियोत शाखा काढली. आज हे वाचताना ती सहज सुचणारी युक्ती वाटते. त्या वेळी ती केवढी जोखीम होती, हे समजण्यासाठी एवढेच लक्षात घ्यावे की नव्या राजधानीत ना आप्त, ना पत, ना ओळखीचे पाणी, आणि ज्या दरबाराच्या भरवशावर जावयाचे तो स्वतःच अजून पाहुण्यासारखा उतरलेला. त्यात नव्या सरकारला पाश्चात्त्य रीतीची ओढ. परदेशी वकिलांच्या मेजवानीत फ्रेंच पक्वान्ने आली, मंत्र्यांच्या अंगावर कोट चढले. पुरण आणि मोची यांचे काय होणार, असे वाटण्याजोगेच ते दिवस होते. तरी दरबारचे जुने विधी टिकले, त्यांबरोबर तोरायाची वहिवाटही टिकली, आणि काही ठिकाणे बदलून 1879 मध्ये पेढी आकासाका या भागात स्थिरावली. पुढे तेच तिचे मुख्य ठाणे झाले.

चौदावा पुरुष मित्सुकागे याच्या काळात, 1918 मध्ये, जुन्या चित्रपुस्तकांच्या आधारे नवे सचित्र नमुनापुस्तक तयार झाले. आजही कारखान्यात रंग आणि आकार यांविषयी शंका आली म्हणजे ते उघडले जाते. पंधरावा पुरुष कुरोकावा ताकेओ याने मात्र घराण्याचे तोंड खऱ्या अर्थाने बाजाराकडे वळविले. दरबारी पुरवठ्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे हे ओळखून त्याने सधन गृहस्थांना पत्रे पाठविली, वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, मोटारीने माल घरपोच पोहोचविण्याची व्यवस्था केली. 1926 मध्ये मित्सुबिशीच्या इवासाकी घराण्यातील स्त्रीच्या इच्छेवरून तोरायाने गोल्फच्या चेंडूच्या आकाराची, तांदळाच्या पातळ पापुद्र्यात पुरण भरलेली ‘मोनाका’ केली आणि तिला ‘होल-इन-वन’ असे नाव दिले. जुन्या कवितांतून नावे घेणाऱ्या पेढीने गोल्फच्या मैदानावरून नाव उचलावे, याने काही वृद्ध गिऱ्हाइकांच्या भुवया उंचावल्या असतील. माझ्या मते मात्र ते 1695 च्या पुस्तकाशी इमान राखूनच होते, कारण गिऱ्हाइकाच्या जगात जे सुंदर मानले जाते त्याचे नाव मिठाईला द्यावयाचे, हीच तर तेथली मूळ रीत. 1930 मध्ये फ्रेंच अत्तराच्या खोकीवरून सुचलेला लहान आकाराचा ‘योकान’ निघाला, आणि जी वस्तू आजवर लांब विटेसारखी वाड्यांतून जात होती ती एका माणसाच्या खिशात मावू लागली.

योकानाविषयी येथे दोन शब्द आवश्यक आहेत, कारण पेढीचा बहुतेक लौकिक त्याच्यावर उभा आहे. अझुकीचे पुरण, साखर आणि ‘कान्तेन’ हे समुद्रवनस्पतीपासून काढलेले गोठण द्रव्य एकत्र आटवून केलेली ही घट्ट वडी. सतराव्या शतकात क्योटोजवळच्या फुशिमी येथील मिनो तारोझाएमोन या खाणावळवाल्याने उरलेला पदार्थ हिवाळ्यात उघड्यावर टाकला, तो रात्रीच्या थंडीत गोठून दिवसा सुकला, आणि त्यातून कान्तेनाचा शोध लागला, अशी आख्यायिका आहे. त्यापूर्वीचा योकान वाफवलेला असे व लवकर नासे. कान्तेन घालून घोटलेला योकान महिनोन्‌महिने टिकतो. तोरायाचा योकान तयार होण्यास तीन दिवस लागतात: डाळ शिजवून पुरण काढणे, ते साखर व कान्तेनाबरोबर घोटणे, आणि साच्यात ओतून निववणे. ‘रात्रीचा आलुबुखार-मोहर’ अशा अर्थाचे नाव असलेला त्यांचा प्रसिद्ध योकान कापला म्हणजे काळसर पृष्ठावर अख्ख्या डाळीचे फिके ठिपके दिसतात, आणि अंधारात फुललेल्या मोहराचा भास होतो. टिकाऊपणाच्या याच गुणामुळे युद्धकाळात योकानावर सैन्याची नजर गेली. साखरेवर सरकारी नियंत्रण आले, हलवायांच्या भट्ट्या विझू लागल्या, आणि तोराया आरमारासाठी व भूदलासाठी निरनिराळ्या नावांचे योकान बनवू लागली. राजकन्येच्या चंद्रदर्शनाला मिठाई पुरविणाऱ्या पेढीचा माल आता पाणबुड्यांवर आणि छावण्यांत जात होता. घराण्याच्या इतिहासातले हे प्रकरण सुखद नाही, परंतु ते झाकूनही ठेवलेले नाही. त्या योकानांची नावे पेढीच्या इतिहासात इतर मिठायांप्रमाणेच नमूद आहेत.

युद्ध संपल्यावर ताकेओ राजकारणात शिरला. 1947 मध्ये तो वरिष्ठ सभागृहावर निवडून आला आणि 1950 ते 1951 या काळात योशिदा मंत्रिमंडळात आरोग्य व कल्याण खात्याचा मंत्री होता. हलवायाला मंत्रिपद मिळाल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात फारशी नसावीत. त्याच्यानंतरचा सोळावा पुरुष मित्सुतोमो हा अधिक चिंतनशील प्रकृतीचा. मिठाई ही पाचही इंद्रियांची कला आहे, असे तो म्हणे: डोळ्यांना रूप, जिभेला चव, नाकाला मंद वास, बोटांना स्पर्श, आणि कानाला तिचे नाव. 1964 च्या ऑलिंपिक सामन्यांसाठी आकासाकाचा हमरस्ता रुंद करण्यात आला, तेव्हा दुकान रस्त्याच्या पलीकडे हलवावे लागले. 1973 मध्ये ‘तोराया बुन्को’ या नावाने पेढीच्या दप्तराचे स्वतंत्र अभिलेखागार स्थापन झाले, आणि तेव्हापासून जपानी मिठाईच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला त्याची पायरी चढल्यावाचून गत्यंतर नाही. 1980 मध्ये पॅरिसमध्ये दुकान निघाले. काळा, चकचकीत योकान पाहून तेथील लोकांना तो साबण वाटला, असे सांगतात. पुढे अंजीर, नासपती यांसारखी फळे घालून केलेले प्रकार आले आणि पॅरिसकरांची जीभ हळूहळू वळली. न्यूयॉर्कचे दुकान 1993 मध्ये उघडून दहा वर्षांनी बंद करावे लागले. प्रत्येक परदेशगमन फळते असे नाही.

सतरावा पुरुष मित्सुहिरो याने 1991 मध्ये सूत्रे घेतली. 2015 साली आकासाकाची इमारत पुनर्बांधणीसाठी बंद करताना त्याने गिऱ्हाइकांना निरोपाचे एक पत्र लिहिले, ते जपानभर वाचले गेले. त्यात पेढीचा गौरव नव्हता; होती ती गिऱ्हाइकांची आठवण. तीन दिवसांचाही खंड न पाडता येऊन नेमाने गोड अझुकीचे कढण घेणारा एक गृहस्थ. रोज सकाळी आईबरोबर येऊन एक लहान योकान विकत घेणारे बालवाडीतले मूल. एके दिवशी ते एकटेच आले म्हणून काळजीने नोकर बाहेर डोकावला, तर आई आडोशाला उभी राहून लेकराच्या धिटाईवर लक्ष ठेवून होती. दोनशे वर्षांपूर्वीच्या जाबत्यात वाड्याचे आणि गल्लीचे गिऱ्हाईक सारखे लेखावे असे कलम होते, हे मी वर सांगितलेच आहे. नव्या इमारतीचा पहिला आराखडा दहा मजल्यांचा होता. मित्सुहिरोने तो रद्द करून चार मजल्यांचा करविला, आणि वास्तुकार नाइतो हिरोशी याच्या हातून 2018 मध्ये ती वास्तू पुरी झाली. जमिनीचा भाव पाहता, टोकियोच्या हृदयस्थानी सहा मजले सोडून देणे हा व्यवहारी माणसाला वेडेपणा वाटेल. एका पिढीत घरातल्या एकाच व्यक्तीने पेढीत यावे, असाही कुरोकावांचा शिरस्ता सांगितला जातो. भाऊबंदकीने किती पेढ्या बुडाल्या हे जाणणाऱ्याला त्याचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. 2020 मध्ये अठरावा पुरुष मित्सुहारू याने कारभार हाती घेतला.

दोन घराण्यांपैकी कोणाचा निर्णय योग्य, असा कौल मागितला तर मी तो कुरोकावांच्या बाजूने देईन. कावाबातांनी एक नेम संपल्यावर आपली जागा सोडली नाही ही निष्ठा थोर खरीच, पण जुने दुकान उघडे ठेवून नव्या राजधानीत परके होण्याची तयारी त्याहून दुर्मीळ आहे. क्योटोला जाण्याचा योग कोणा वाचकाला आलाच, तर राजवाड्याच्या पश्चिमेस इचिजो येथे तोरायाचे दुकान व चहागृह आजही चालू आहे, आणि गिओनमध्ये विनायकाचा तो तळलेला नैवेद्य मिळतो. कावाबाता दोकी यांच्याकडे मात्र आगाऊ वर्दी दिल्यावाचून काही मिळत नाही, हे निघण्यापूर्वीच ध्यानात ठेवावे.